मॅट्रनबाईंनी मारलेली हाक

मॅट्रनबाईंना हॉस्पिटल सोडून बरीच वर्षं झाली होती, पण हॉस्पिटलने काही त्यांना सोडलं नव्हतं. दूधवाला त्यांना मॅट्रनबाई म्हणायचा, चर्चचे पाळक मॅट्रनबाई म्हणायचे, आणि गल्लीत चेंडू खेळणारी पोरं त्या येताना दिसल्या की चेंडू पाठीमागे लपवून अशी उभी राहायची, जणू आता एकेकाच्या तोंडात थर्मामीटर जाणार. त्यांना वेगळ्या नावाने हाक मारणारं अख्ख्या गावात एकच माणूस होतं. त्यांच्या वहिनी. त्या म्हणायच्या, "वन्सं."

सकाळी उजाडलं की मॅट्रनबाई खिडकीजवळच्या खुर्चीत पाठ ताठ करून बसायच्या, डोळे मिटायच्या आणि प्रार्थना करायच्या. "प्रभू, आज काय करायचं ते सांग. मी करते." प्रार्थना एवढीच. ड्यूटीवर आलेल्या नर्सने काम विचारावं तसं विचारायचं आणि लगेच उठायचं. उत्तरासाठी थांबायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती, कारण उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं. पिशवीत बँडेज, कापूस, कात्री भरायची आणि निघायचं. घड्याळवाल्यांच्या पायाची जखम धुवायची. दोन गल्ल्या पलीकडच्या शिवणकामवाल्या बाईंची साखर तपासायची. कुणाची नखं कापायची, कुणाला औषध घेतलं की नाही विचारून दम भरायचा. पायाला भिंगरी लावल्यासारख्या त्या फिरायच्या. आणि कुणाच्या घरचा पाण्याचा घोटसुद्धा घ्यायच्या नाहीत. कुणी चहाचा आग्रह केला की हात आडवा करून म्हणायच्या, "मी घ्यायला आलेली नाही."

चर्चमध्ये त्या शेवटच्या बाकावर बसायच्या. पुढे बसायचा मान कुणीही दिला असता, पण नको. आता शेवटचा बाक हा मॅट्रनबाईंचा हे सगळ्यांना इतकं पाठ झालं होतं, की चर्च गच्च भरलं आणि माणसं भिंतीला टेकून उभी राहिली तरी त्या बाकावर कुणी टेकायचं धाडस करत नसे, ही गोष्ट वेगळी.

वहिनी म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाची बायको. भाऊ छापखान्यात होता. लग्न झालं तेव्हा वहिनी लेस आणि बटणांच्या दुकानात काम करायच्या. गोल चेहरा, भरभर बोलणं, आणि हसायला लागल्या की खांदे हलायचे. वयाने मॅट्रनबाईंहून बऱ्याच लहान, पण नात्याने मोठ्या. भाऊ गेला, मूलबाळ नव्हतं, आणि त्या जुन्या घरात दोघी उरल्या. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एक. वहिनींबद्दल कुणी विचारलं तर मॅट्रनबाई म्हणायच्या, "मनाने फार चांगल्या आहेत." आणि मग जरा थांबायच्या. त्या थांबण्यात बाकीचं सगळं यायचं. बरण्यांना भलतीच झाकणं लावणं. भजन गाताना सूर सोडून भलतीकडेच भटकणं. निथळतं फडकं घेऊन फरशी पुसणं, की मागे तळी साचावीत.

वहिनींनी फरशी पुसली, की मॅट्रनबाई दुसरं फडकं घट्ट पिळून त्यांच्या मागून तीच फरशी पुन्हा पुसायच्या. बोलायच्या काही नाहीत. बोलून कुणाला दुखवायचं कशाला?

आणि एका सकाळी, अशीच ती दुसऱ्यांदा पुसत असताना, त्यांचा पाय सटकला.

उजव्या हातावर सगळा भार पडला. मनगट मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला आणि आवाजावरून कुठलं हाड ते ओळखलंही. डाव्या हाताची बोटं दाराच्या चौकटीत अशी पिरगळली गेली, की बघता बघता सुजून टम्म झाली. वहिनी धावत आल्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अगं बाई! वन्सं! आता काय करू?"

"रडू नका," मॅट्रनबाई जमिनीवरूनच म्हणाल्या. "टॅक्सी बोलवा. आणि ते पाणी आधी पुसा, नाहीतर तुम्हीपण पडाल."

हॉस्पिटलमध्ये प्लॅस्टर घालणारा डॉक्टर कोवळा होता. मॅट्रनबाई त्याला दर मिनिटाला सूचना देत होत्या. शेवटी तो नम्रपणे म्हणाला, "बाई, तुम्ही नुसत्या बसाल का?" पलीकडे उभ्या असलेल्या सिस्टरने, जी एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकली होती, चटकन पाठ फिरवली. ती हसतेय हे तिच्या हलणाऱ्या टोपीवरून कळत होतं. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, डाव्या बोटांना पट्ट्या. दीड महिना उजवा हात हलवायचा नाही, डाव्यानेही काही धरायचं नाही.

"घरी कोण आहे करायला?" डॉक्टरने विचारलं.

"मी आहे ना," वहिनी म्हणाल्या.

"मी नर्स ठेवीन," मॅट्रनबाई म्हणाल्या.

पण नर्स मिळेना. ओळखीच्या दोघी दुसरीकडे गुंतलेल्या, तिसरी पुढच्या महिन्यात येते म्हणाली. तोवर भागवायचं ठरलं. मॅट्रनबाईंनी वहिनींना कामं नेमून दिली. जेवणाचं ताट ठेवायचं, चमचा पट्टीने डाव्या पंज्याला बांधायचा, दार उघडायचं, बाथरूममध्ये अगदीच अडेल तिथे, तेवढंच, आणि तेही डोळे मिटून. आंघोळ नको. केस नकोत.

"अहो पण वन्सं, किती दिवस असं?"

"चालतं. वॉर्डात पेशंट आठवडा आठवडा बिनआंघोळीचे असायचे."

पेशंट, असं त्या बोलून गेल्या. तो शब्द आजवर त्यांनी दुसऱ्यांसाठीच वापरला होता.

दिवस सरकेनात. हातावर हात धरून बसायचं म्हटलं तरी ते हातसुद्धा त्यांच्या ताब्यात नव्हते. ज्या केसांचा अंबाडा इतकी वर्षं एकाही सुटलेल्या बटेशिवाय बांधला गेला होता, ते केस आता खांद्यावर गुंता होऊन पडले होते. रविवार आला. वहिनी चर्चला निघाल्या आणि दारात घुटमळल्या.

"मी विंचरून देऊ का? पाच मिनिटं लागतील."

"तुम्ही जा. मी घरी प्रार्थना करीन."

वहिनी गेल्या. मॅट्रनबाई खुर्चीत बसल्या, डोळे मिटले, आणि चर्चची घंटा ऐकत राहिल्या. प्रार्थना काही झाली नाही. नुसती खाज सुटली होती, पाठीच्या अशा जागी जिथे हात धड असतानाही पोचत नाही.

आठवड्याच्या मधल्या एका दुपारी दारात काठीचा आवाज झाला. घड्याळवाले आले होते. त्यांचं दुकान समोरच्या रस्त्याच्या टोकाला, पण जखमेच्या पायाने एवढं अंतर चालून येणं म्हणजे खेळ नव्हता. घामाने त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता.

"तुम्हाला चालायला कुणी सांगितलं?" मॅट्रनबाई खुर्चीतून ओरडल्याच. "बसा! पाय वर ठेवा. बँडेज कोण बदलतंय?"

"दवाखान्यातली मुलगी येते," घड्याळवाले बसत म्हणाले. "हात हलका आहे तिचा."

"म्हणजे माझा जड होता?"

"तुमचाही चांगला होता." त्यांनी चष्मा पुसला. ते बेताचंच बोलणारे गृहस्थ. आयुष्य बारीक स्क्रूंबरोबर काढलेलं, त्यामुळे शब्दसुद्धा चिमट्याने उचलून ठेवल्यासारखे. "मॅट्रनबाई, मी तुम्हाला भेटायला आलोय. काही लागत असेल तर सांगा. वाचून दाखवू का? पत्र लिहून देऊ? दुकानातून काही आणून देऊ?"

"नको. माझं सगळं होतंय."

घड्याळवाल्यांनी त्यांच्या केसांकडे पाहिलं. चुरगळलेल्या, तिरपी बटणं लावलेल्या स्वेटरकडे पाहिलं. आतून वहिनी चहा घेऊन आल्या, कप ठेवला आणि गेल्या.

"एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा."

"इतकी वर्षं तुम्ही माझा पाय धुताय. मी तुमच्यापुढे एक कप चहा ठेवायला धडपडतो आणि तुम्ही असा हात करता." त्यांनी हात आडवा करून दाखवला. हुबेहूब. "माझ्या घरचं पाणीसुद्धा तुम्हाला चालत नाही. तुम्ही गेलात ना, की पाय हलका वाटायचा, खरं आहे. पण मी मात्र जरा लहान झालेलो असायचो. दर वेळी जरा जरा."

मॅट्रनबाईंच्या तोंडावर असं आजवर कुणी बोललं नव्हतं. सर्जननेसुद्धा नाही.

"मी हे देवाचं काम म्हणून करत होते," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो, ते तर आहेच. देवाचंच काम आहे," घड्याळवाले म्हणाले. "पण माझ्या घरात तुम्ही आल्यावर आपण तिघं असायचो, मॅट्रनबाई. देव, तुम्ही आणि मी. त्यात घेणारा तेवढा मी एकटाच."

त्यांनी चहा संपवला, वहिनींना आत हाक मारून चहा फक्कड झाला म्हणून सांगितलं, काठी उचलली आणि हळूहळू निघून गेले.

संध्याकाळभर मॅट्रनबाई धुमसत होत्या. चांगल्या कामाचं हे फळ! पाय सडला असता त्या माणसाचा. आणि वर तोंड करून म्हणतो, लहान वाटतं. वहिनींनी सूप आणलं तेव्हा त्या नाक मुरडून म्हणाल्या, "मीठ जास्त आहे." मीठ बरोबर होतं. हे त्यांना दुसऱ्याच चमच्याला कळलं. पण शब्द परत घ्यायची त्यांना सवय नव्हती.

सकाळी त्या नेहमीसारख्या खिडकीजवळ बसल्या. डोळे मिटले. "प्रभू, आज काय करायचं ते सांग. मी..." आणि तिथेच अडल्या. मी करते, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? काय करणार होत्या त्या? स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं.

त्यामुळे पहिल्यांदाच त्या विचारून तशाच बसून राहिल्या. उठून जायला काही कामच नव्हतं. बाहेर दूधवाल्याची सायकल गेली. शेजारच्या घरात कुणीतरी बादली भरत होतं. भिंतीपलीकडे वहिनींची हालचाल ऐकू येत होती, भांडी, पाणी, मध्येच सूर चुकलेली एखादी ओळ.

आणि मनात अगदी साध्या, रोजच्या शब्दांत आलं: वहिनींना हाक मार.

मॅट्रनबाईंनी डोळे उघडले. आकाशवाणी वगैरे काही झाली नव्हती. खोली होती तशीच होती. त्यांनी पुन्हा डोळे घट्ट मिटले आणि सरळ वाद घालायला लागल्या. प्रभू, दुसरं काहीही सांग. घड्याळवाल्यांची माफी मागायला सांग, जाते. उपास करायला सांग, करते. वहिनींना नाही जमणार रे. त्या डोळ्यात साबण घालतील. आणि मी त्यांच्यापुढे अशी... मी मॅट्रन होते. चाळीस खाटांचा वॉर्ड सांभाळलाय मी.

उत्तरादाखल दुसरं काही आलं नाही. जे एकदा आलं होतं तेवढंच तिथे होतं, दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्यासारखं, आत घ्या म्हणत नाही आणि जातही नाही.

त्यांना एकदम आठवलं, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट. कितीदा ऐकली होती. दर वेळी त्या मनातल्या मनात स्वतःला पाणी ओतणाऱ्याच्या बाजूला उभ्या करायच्या, टॉवेल घेऊन. पाय मागे ओढून घेणारा तो कोळी शिष्य त्यांना नेहमी जरा हट्टी वाटायचा. काय एवढं त्यात, धुतायत तर धुऊ दे की, असं त्यांना वाटायचं. आज त्या माणसाबद्दल त्यांना फार सहानुभूती वाटली.

"वहिनी," त्यांनी हाक मारली.

आवाज इतका बारीक निघाला की भिंतीपलीकडे गेलाच नाही. आता पुन्हा मारायची म्हणजे पुन्हा सगळं आलं.

"वहिनी! जरा येता का?"

वहिनी ओले हात तसेच घेऊन धावत आल्या. "काय झालं? पडलात?"

"नाही. मला..." मॅट्रनबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "मला आंघोळ घालाल का?"

वहिनींनी हात स्वतःच्या कपड्यांना पुसले, एकदा पुढून, एकदा मागून, आणि म्हणाल्या, "घालते की. पाणी तापवते हं. बसून राहा. हलू नका."

बाथरूममध्ये स्टूल ठेवलं. प्लॅस्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, ती इतकी सैल की पहिल्या तांब्यातच निसटली असती. "घट्ट करा," मॅट्रनबाईंच्या ओठावर आलं, आणि तेवढं त्यांनी बोलून टाकलं, कारण प्लॅस्टर भिजलं असतं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. बाकीचं मात्र गिळायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. कपडे उतरवताना त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ज्यांनी हजारो बायकांना कसलाही विचार न करता पुसलं, न्हाऊ घातलं, कूस बदलून दिली, त्यांना आज पहिल्यांदा कळलं की त्या बायका भिंतीकडे का बघत असायच्या.

पाणी फार गरम होतं.

"गरम आहे," मॅट्रनबाई म्हणाल्या.

"थांबा, थंड ओतते." मग ते फार थंड झालं. तेवढं मॅट्रनबाईंनी गिळलं.

साबण डोळ्यात गेला. ठरल्यासारखा गेला. "अहो, कपाळाकडून मागे न्यायचं असतं पाणी!" त्या उसळल्याच. वहिनींचा हात थबकला. मॅट्रनबाईंनी डोळे चुरचुरत असतानाच मान खाली घातली. "ओता. तुम्ही ओताल तसं."

वहिनींनी पाणी ओतलं. जमेल तसंच. मग त्या केस चोळायला लागल्या, आणि हात चालायला लागले तसं तोंडही. दूधवाल्याच्या सुनेला दिवस गेलेत. पाळकांच्या घरचं छत गळतंय. लेसच्या दुकानात एक म्हातारी मेम यायची, तिला प्रत्येक बटण नाकाला लावून बघायची सवय होती. वहिनींचे खांदे हसण्याने हलत असणार, कारण मॅट्रनबाईंच्या डोक्याला हिसके बसत होते.

"मी तुम्हाला किती घाबरायचे ठाऊक आहे का, वन्सं?" वहिनी त्याच सुरात म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही त्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये दारात उभ्या होतात. मला वाटलं, आता ही माझी नाडी बघून परत पाठवते की काय."

मॅट्रनबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"आणि मी फरशी पुसली की मागून तुमचं फडकं यायचं. सर्र, सर्र. तुमचे भाऊ म्हणायचे, अगं, तिला सवय आहे, हॉस्पिटलची. मी म्हणायचे, हो, सवय असेल." वहिनींनी पाठीवर तांब्या रिकामा केला. "तरी मी रोज जरा जास्तच पाणी घ्यायला लागले. म्हटलं, आज तरी स्वच्छ दिसेल त्यांना."

पाठीवरून कोमट पाणी उतरत होतं. पाणी कोमट कधी झालं ते मॅट्रनबाईंना कळलंही नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं ती तळी त्यांच्यासाठीच साचत होती.

"वहिनी."

"हं?"

"फरशी मी पुन्हा पुसायला नको होती."

"कुठली? त्या दिवशीची? हो ना, हात तरी वाचला असता."

"कुठलीच," मॅट्रनबाई म्हणाल्या. "माझं चुकलं. पहिल्यापासून."

वहिनींनी टॉवेल मॅट्रनबाईंच्या डोक्यावर टाकला आणि नेहमीपेक्षा जरा जोरात केस पुसायला लागल्या. टॉवेलमुळे दोघींची तोंडं एकमेकींना दिसत नव्हती, हे बरंच झालं.

पुढच्या रविवारी दोघी चर्चला गेल्या. वहिनींनी अंबाडा बांधला होता. तो डोक्याच्या मध्यावर बसायचा सोडून डाव्या कानाकडे कलला होता, हे मॅट्रनबाईंनी आरशात पाहिलं होतं. "कसा आहे?" वहिनींनी हौसेने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "घट्ट आहे, सुटणार नाही." तेही खरंच होतं.

शेवटच्या बाकावर एक नवं कुटुंब बसलं होतं. नवरा, बायको, मांडीवर झोपलेलं तान्हं बाळ. मॅट्रनबाई दारात दिसताच दाराशी उभे असलेले चर्चचे वडीलजन लगबगीने त्यांना उठवायला निघाले. मॅट्रनबाईंनी त्यांना थांबवलं. हात वर करता येत नव्हता, म्हणून कोपराने.

"बाळ झोपलंय. बसू द्या."

"पण तुम्ही कुठे बसणार?"

मोकळी जागा फक्त पुढे होती, दुसऱ्या रांगेत, सगळ्यांच्या नजरेसमोर. तिरप्या अंबाड्यासकट त्या तिथे जाऊन बसल्या. वहिनींनी भजनाचं पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं आणि मोकळ्या गळ्याने गायला सुरुवात केली. सूर पहिल्याच कडव्यात वाट चुकला. मॅट्रनबाईंनी आपला सूर थोडा वाढवला, मग त्यांच्या लक्षात आलं की आपण वहिनींना दुरुस्त करतोय, आणि त्यांनी तो पुन्हा खाली आणला.

प्रभुभोजनाच्या वेळी सगळे रांगेने पुढे जाऊन हात पुढे करत होते. मॅट्रनबाईंची वेळ आली. एक हात प्लॅस्टरमध्ये, दुसऱ्याच्या बोटांना पट्ट्या. पाळक भाकरीचा तुकडा हातात घेऊन क्षणभर थांबले, काय करावं या विचारात. मॅट्रनबाईंनी तोंड उघडलं. पाळकांनी तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला, एखाद्या लहान मुलाला भरवावा तसा. मग प्याला ओठांना लावला. एक थेंब हनुवटीवर ओघळला, आणि तो पुसायला त्यांच्याकडे काही नव्हतं. शेजारून वहिनींनी आपल्या रुमालाने पुसला.

जागेवर परतताना त्यांना वाटलं होतं की लाज वाटेल. पण लाजेची जागा रिकामी होती. इतकी वर्षं त्या ही भाकर अशी घेत होत्या, जणू ड्यूटीवर जायच्या आधीचा नाश्ता. आज पहिल्यांदाच ती कुणीतरी दिली असं वाटलं.

चर्च सुटल्यावर त्या वहिनींना घेऊन घड्याळवाल्यांकडे गेल्या. दुकानाला सुट्टी होती, ते मागच्या खोलीत पाय वर ठेवून बसले होते. त्यांना बघून उठायला लागले.

"बसा," मॅट्रनबाई म्हणाल्या, आणि नंतर, आवाज उतरवून, "तुम्ही त्या दिवशी बोललात ते मला लागलं. बरं झालं लागलं ते. मी आज जखम बघायला आलेली नाही. चहा मिळेल का?"

घड्याळवाल्यांनी त्या दिवशी घरातले ठेवणीतले चांगले कप काढले. चहा भलताच गोड होता, जवळजवळ पाक. वहिनींनी कप धरला आणि मॅट्रनबाई घोट घोट करत तो शेवटपर्यंत प्यायल्या. नंतर बोलता बोलता घड्याळवाल्यांच्या मांजराची गोष्ट निघाली, ती इतकी लांबली की तिघांच्याही दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली.

प्लॅस्टर निघालं तेव्हा मनगट थोडं वाकडंच जुळलं होतं. बारीक कात्री, सुई, असलं काही आता त्या हाताला धड पेलायचं नाही, असं डॉक्टरने सांगितलं. मॅट्रनबाईंना ते ऐकून रडू आलं, आणि त्यांनी ते डॉक्टरसमोरच येऊ दिलं. घरी परतल्यावरही दोन-तीन दिवस त्या गप्प गप्प होत्या. नम्र झालं म्हणजे दुःख होत नाही, असं थोडंच आहे? सकाळच्या प्रार्थनेत त्यांनी देवाला आपला हात दाखवला आणि तक्रार केली, मनापासून. मग त्या उठून नाश्त्याला गेल्या. आता त्यांचा दिवस वहिनींना विचारून ठरत होता. शिवणकामवाल्या बाईंकडे दोघी मिळून जायच्या. साखर वहिनी तपासायच्या, चुकतमाकत, मॅट्रनबाई आकडा वाचायच्या. कधी कधी मॅट्रनबाई ओरडायच्याही. जुनी सवय एका आंघोळीत वाहून जात नाही. पण ओरडल्यावर, घरी पोचायच्या आत, "मघाशी उगाच ओरडले" एवढं तरी म्हणायला त्या शिकल्या होत्या.

हाताच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलमध्ये जावं लागे. बाकावर माणसांची रांग असायची. एकदा त्या तशा बसल्या असताना आतून ती त्यांच्या हाताखाली शिकलेली सिस्टर बाहेर आली आणि त्यांना बघून लगबगीने म्हणाली, "मॅट्रनबाई, तुम्ही इथे कशाला बसलात? आत या, आत या."

"माझ्याआधी ह्या आहेत," मॅट्रनबाई शेजारच्या बाईकडे बघत म्हणाल्या. "मी थांबते नंबरला."

सिस्टर आत गेली. मॅट्रनबाई जरा ताठ बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण हळूच इकडेतिकडे बघतोय. कुणी ऐकलं का? किती मोठ्या बाई आणि किती साध्या, असं कुणाच्या तोंडावर दिसतंय का? कुणाच्याच दिसत नव्हतं. शेजारची बाई जांभई देत होती.

मॅट्रनबाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग दाबता दाबता खोकल्यासारखं, आणि शेवटी त्या उघड उघड हसायला लागल्या. वहिनी घाबरल्या.

"काय झालं वन्सं?"

"काही नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "देवाचं माझ्यावरचं काम बरंच बाकी आहे, एवढंच."

वहिनींना त्यातलं फारसं कळलं नाही, पण समोरचं माणूस हसतंय म्हटल्यावर त्यांनाही आवरेना. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि बाक लहान असल्यामुळे त्यावर बसलेल्या सगळ्यांनाच ते हलणं जाणवलं.

"पुढचा नंबर," आतून आवाज आला. जांभई देणारी बाई उठून गेली, आणि दोघी एक जागा पुढे सरकल्या.